चौथीच्या मुलांना इंग्रजीतील ग्रीक-लॅटिन शब्दमूळे शिकवावीत का?

प्रश्न: प्राथमिक शिक्षिका, डिचोली तालुका

नमस्कार. डिचोली तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवते. आपल्या गोव्यात चौथी संपली की मूल हायस्कुलात जाते आणि पाचवीपासून गणित, विज्ञान, समाजशास्त्र असे सारे विषय एकदम इंग्रजीतून सुरू होतात. ज्या मुलाने आमच्या वर्गात 'परिमिती' हा शब्द समजून-उमजून वापरलेला असतो, तेच मूल नव्या शाळेत 'पेरिमीटर'पुढे अडखळते आणि शेवटी तो शब्द घोकून मोकळे होते.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातून गेलेली एक मुलगी परवा विज्ञानाची वही घेऊन घरी आली होती. वहीत 'हर्बिवोर', 'कार्निवोर' आणि 'ऑम्निवोर' हे शब्द पानभर लिहून काढलेले होते, आणि तरीही गाय कशात आणि वाघ कशात हे सांगताना तिची गफलत होत होती. शाकाहारी, मांसाहारी, मिश्राहारी हे शब्द तिला कधीच पाठ करावे लागले नव्हते, कारण त्यांतील 'मांस', 'मिश्र' आणि 'आहार' हे तुकडे आधीपासून तिच्या ओळखीचे होते. मी तिला एवढेच सांगितले की हे लॅटिन तुकडे आहेत. 'वोर' म्हणजे खाणारा, 'हर्ब' म्हणजे पाला-गवत, 'कार्नि' म्हणजे मांस आणि 'ऑम्नि' म्हणजे सर्व. क्षणभर थांबून तिने विचारले, "मग किडे खाणारा तो इन्सेक्टिवोर का?" तो शब्द तिच्या पुस्तकात नव्हता.

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतो आहे. चौथीच्या मुलांना अशी शब्दमूळे पद्धतशीर शिकवावीत का? शिकवायची तर कोणती, किती, आणि घोकंपट्टीचा आणखी एक धडा होऊ न देता कशी? शोधायला गेले तर शंभर-शंभर मुळांच्या याद्या मिळतात, पण त्या तशाच फळ्यावर उतरवण्यात मला अर्थ वाटत नाही. माझ्या एका सहकारी बाईंचे म्हणणे असे की आधी स्पेलिंग तरी धड येऊ द्या. शिवाय मला स्वतःला ना ग्रीक येते, ना लॅटिन. ज्यांनी हे प्रत्यक्ष वर्गात केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर: निवृत्त विज्ञान शिक्षक, फोंडा

बाई, अवश्य शिकवा. 'इन्सेक्टिवोर' विचारणाऱ्या मुलीने तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देऊनच टाकले आहे. यादीबद्दलचा तुमचा संशयही रास्त आहे. मी हायस्कुलात अनेक वर्षे विज्ञान शिकवले आणि यादी पाठ करून आलेली मुले पाहिली. 'हायड्रो म्हणजे पाणी' हे त्यांना तोंडपाठ असे, पण 'डीहायड्रेशन' हा शब्द समोर आला की त्यांतील एकाचाही हात वर होत नसे. कारण मूळ पाठ करणे आणि अनोळखी शब्दात ते ओळखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि सराव दुसऱ्याचा व्हायला हवा.

सुरुवात मापनापासून करा, कारण तो धडा तुमच्याकडे आहेच. मुले सेंटीमीटर, मिलिलिटर, किलोमीटर हे शब्द रोज वापरतात. बाजारात आपण नुसते 'किलो' म्हणतो आणि त्यामुळे किलो हे वजनाचेच नाव आहे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो 'हजार' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घेतलेला आहे. फ्रान्समध्ये 1795 साली दशमान पद्धत ठरवणाऱ्यांनी एक साधा नियम केला होता: एककाच्या पटींसाठी ग्रीक शब्द घ्यायचे, म्हणून डेका, हेक्टो, किलो, आणि एककाच्या भागांसाठी लॅटिन शब्द घ्यायचे, म्हणून डेसी, सेंटी, मिली. हा नियम चौथीच्या मुलालाही कळतो आणि पुढे त्याचा मिलिमीटर व किलोमीटर यांत घोळ होत नाही.

'सेंटी' आला की तो तेवढ्यावर सोडू नका. क्रिकेटमधली सेंच्युरी मुलांना माहीत असते आणि पर्सेंट लवकरच भेटणार असतो. पावसाळ्यात शाळेच्या व्हरांड्यात गोम निघाली की 'सेंटीपीड' सांगता येतो: सेंटी म्हणजे शंभर, पीड म्हणजे पाय. यावर एखादे चौकस मूल पाय मोजायला निघेलच, आणि ते चांगलेच आहे, पण मोजणी चित्रावर करू द्या, कारण गोम चावते. गोमेच्या पायांच्या जोड्या सामान्यतः विषम संख्येत असतात, प्रकारानुसार 15 पासून 191 पर्यंत. त्यामुळे शंभर पाय, म्हणजे बरोबर पन्नास जोड्या, सहसा जमतच नाहीत. शब्दाचे मूळ अर्थाची दिशा दाखवते, व्याख्या देत नाही, हे मुलांना इथे आपसूक कळते. त्याच 'पीड'वरून पुढे पेडल आणि पेडेस्ट्रियन. दुसऱ्या शब्दासाठी आपल्याकडे 'पादचारी' तयारच आहे.

पद्धत म्हणाल तर मी अशी ठेवत असे. आठवड्याला एक मूळ, त्याहून अधिक नाही. अर्थ आधी सांगायचा नाही. फळ्यावर एकाच कुळातले चार-पाच शब्द लिहायचे आणि त्यांत सारखे काय दिसते ते मुलांना शोधू द्यायचे. उदाहरणार्थ ट्रान्सपोर्ट, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, पोर्टर, पोर्टेबल. सामाईक तुकडा सापडला की त्याचा अर्थ काय असेल याचा तर्क मुलांनीच करायचा, मग तो प्रत्येक शब्दाला लावून पाहायचा आणि शेवटी शब्दकोशात पडताळायचा. स्टेशनवरचा पोर्टर सामान वाहतो, मुरगावातून लोहखनिज एक्सपोर्ट होते, म्हणजे देशाबाहेर वाहून नेले जाते, असे करत 'वाहून नेणे' हा अर्थ मुले स्वतःच काढतात. मग 'एक्स' आणि 'इम' यांचा उलगडा वेगळा करावा लागत नाही.

याच ठिकाणी एखादे मूल विचारील की मग मुरगाव पोर्ट काय वाहून नेते. त्याला सरळ सांगावे की लॅटिनमध्ये बंदरासाठी 'पोर्टुस' आणि वाहण्यासाठी 'पोर्टारे' असे दोन वेगळे शब्द होते आणि इंग्रजीत येता येता त्यांचे रूप सारखे झाले. असा अडचणीचा शब्द टाळू नये. मुलांच्या लक्षात बहुधा तोच राहतो.

वर्षभरात पंधरा-वीस मुळे झाली तरी पुष्कळ झाली. पाचवी-सहावीच्या पुस्तकांच्या दृष्टीने मी हे तुकडे निवडीन: ट्राय, क्वाड्रि, पेंटा, हेक्सा, सेंटी, मीटर, टेली, स्कोप, ग्राफ, फोटो, थर्मो, जिओ, बायो, हायड्रो, वोर, पेड, पोर्ट. यांवर परीक्षा मात्र घेऊ नका. गुणांसाठी प्रश्न आला की दुसऱ्या दिवशी त्यावर गाईड निघते.

उत्तर: शिकवणी घेणारा पालक, पेडणे

सरांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर राखून थोडे उलट बोलतो. माझ्याकडे संध्याकाळी पाचवी-सहावीची मुले शिकवणीला येतात आणि त्यांची अडचण 'फोटोसिंथेसिस' हा शब्द नसतो. त्या शब्दाच्या मागचे-पुढचे साधे वाक्य त्यांना वाचता येत नाही, ही अडचण असते. वॉटर, हाऊस, मदर, नाइट, ईट, रन यांसारखे मुलाला रोज लागणारे इंग्रजी शब्द ग्रीक-लॅटिनमधून आलेले नाहीत. ते इंग्रजीचे स्वतःचे, जर्मॅनिक (म्हणजे जर्मन, डच यांच्या) घराण्यातले शब्द आहेत, आणि त्यांना शब्दमुळांची कोणतीही यादी लागू पडत नाही. ज्या मुलाला हे शब्द ओळखता येत नाहीत, त्याला 'टेली म्हणजे दूर' हे सांगून नेमके काय साधते, असा माझा प्रश्न आहे.

दुसरी भीती चुकीच्या फोडीची आहे. एकदा शब्द फोडायची सवय लागली की मूल प्रत्येक शब्द फोडू लागते. 'अन' म्हणजे नकार हे शिकल्यावर माझ्या एका विद्यार्थ्याने 'अंकल'चीही फोड करायला घेतली होती, ते हसण्यावारी नेता आले. पण महामार्गावरच्या टँकरच्या पाठीवर 'हायली इनफ्लेमेबल' असे लिहिलेले असते, आणि 'इन' म्हणजे नकार, मग हे जळत नसणार, असा तर्क दुसऱ्याने केला होता. त्या शब्दातला 'इन' नकाराचा नाही. फ्लेमेबल आणि इनफ्लेमेबल या दोन्हींचा अर्थ पेट घेणारा असाच होतो. नऊ वर्षांच्या मुलाने हा भेद कसा ओळखायचा? तीच गत 'पेड'ची. पेडलमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पण मुलांच्या डॉक्टरांना पीडिॲट्रिशियन म्हणतात, त्यातला तुकडा 'मूल' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. पायांचा डॉक्टर समजून कोणी तिकडे गेले तर दोष कोणाचा?

माझे मत असे की चौथीत मराठीतले उपसर्ग आणि प्रत्यय पक्के करावेत. 'अशक्य'मधला 'अ', 'उपमुख्याध्यापक'मधला 'उप', 'दरवर्षी'मधला 'दर' मुलांना सुटा काढून दाखवता येत नाही, हे मी रोज पाहतो. शब्द तुकड्यांनी बनतो ही जाण आपल्या भाषेत आली तर परक्या भाषेत ती आपोआप चालते. इंग्रजीत शिकवायचेच तर 'अन', 'री', 'लेस', 'फुल' इतपत पुरे. ग्रीक आणि लॅटिन सहावीपासून घ्यावे.

उत्तर: भाषाविज्ञानाची विद्यार्थिनी, मडगाव

वरील दोन्ही उत्तरांत वरवर वाटतो तितका विरोध मला दिसत नाही. शब्दांच्या घटकांवर आधारित अध्यापनाविषयी तोपर्यंत झालेल्या संशोधनांचा एकत्रित आढावा बॉवर्स, कर्बी आणि डीकन यांनी 2010 साली प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की वाचनात मागे असलेल्या मुलांना या अध्यापनाचा फायदा विशेष होतो, लहान वर्गांतही तो होतो, आणि वाचन-लेखनाच्या इतर कामात मिसळून शिकवल्यास परिणाम अधिक चांगला दिसतो. म्हणजे वाक्य न वाचता येणाऱ्या मुलाला यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. मात्र वेगळा तास लावून, वाचनाशी संबंध न ठेवता हे करू नये, ही पेडण्याच्या दादांची शंका त्यात जमेस धरलेली आहे.

मराठी मुलाला या कामात एक सोय आहे आणि ती आपण फारशी वापरत नाही. आपल्या पारिभाषिक शब्दांपैकी पुष्कळ शब्द मूळ ग्रीक-लॅटिन शब्दांच्या घटकाला घटक जुळवून घडवलेले आहेत. टेलिफोनला दूरध्वनी, मायक्रोस्कोपला सूक्ष्मदर्शक, थर्मामीटरला तापमापी, बायोलॉजीला जीवशास्त्र. फोटोसिंथेसिस घ्या: 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिन' म्हणजे एकत्र, 'थेसिस' म्हणजे ठेवणे, आणि प्रकाशसंश्लेषणात प्रकाश, सम् आणि श्लेष. दोन शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून रेघांनी जोडून दाखवले तर मराठी माध्यमात शिकणे ही उणीव आहे असे मुलांना वाटणार नाही.

काही ठिकाणी तर हे नुसते भाषांतर नसून सख्खे नाते आहे. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर या नावांत लॅटिनचे सात, आठ, नऊ, दहा दडलेले आहेत आणि मुलांच्या कानावर सप्त, अष्ट, नव, दश हे शब्द असतातच. (नववा महिना 'सातवा' कसा, हे विचारले जाईलच, जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे.) डेंटिस्ट आणि दंत, पेडल आणि पद, पेरिमीटरचा 'पेरि' आणि परिमितीचा 'परि' ही भावंडे आहेत. हे नाते युरोपीय लोकांच्या प्रथम लक्षात आले त्यांत गोव्याचा वाटा मोठा आहे. 1579 मध्ये गोव्यात आलेले इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांनी 1583 साली आपल्या भावाला पाठवलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे लिहिले होते, आणि त्याच दशकात गोव्यात राहिलेल्या फिलिप्पो सास्सेत्ती या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याने संस्कृत व इटालियन शब्दांतले साम्य, सहा ते नऊ हे आकडे धरून, टिपून ठेवले होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एकच असावे असे सांगणारे विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील प्रसिद्ध भाषण 1786 चे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे.

येथे एक सावधगिरी मात्र हवी. 'म्हणजे हे सगळे संस्कृतमधून गेले' असे मुलांना सांगू नये. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या बहिणी आहेत, आई त्यांच्याही आधीची. शिवाय सारखे दिसणारे सगळेच सख्खे नसते: लॅटिन 'देउस' हा आपल्या 'देव'चा नातलग आहे, पण त्याच अर्थाचा ग्रीक 'थेओस' नाही.

गोव्याच्या मुलांना आणखी एक वाट मोकळी आहे. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक, आणि तिचे शब्द आपल्या घरात आहेत. नाताळ हा शब्द लॅटिनमधल्या 'जन्माचा' या अर्थाच्या 'नातालिस'वरून आला, आणि नेटिव्ह, नेशन, नेचर हे त्याच कुळातले. गावच्या फेस्ताचा (चर्चच्या उत्सवाचा) नातलग फेस्टिव्हल, पदेराच्या (पाववाल्याच्या) फोर्नाचा, म्हणजे भट्टीचा, नातलग फर्नेस. आणि ताई, तुमच्या 'कार्निवोर'साठी यापेक्षा सोपे उदाहरण सापडणार नाही: कार्निव्हालच्या 'कार्नि'तही तेच मांस आहे. उपवासाचा काळ सुरू होण्यापूर्वी मांस बाजूला ठेवायचे, यावरून मध्ययुगीन लॅटिनमध्ये ते नाव पडले. आपल्याकडचे जुने नाव 'इंत्रूज', त्याचे मूळ लॅटिन 'इंत्रोइतुस', म्हणजे त्या काळात प्रवेश.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मापनाच्या धड्यापासून सुरुवात करीन आणि इंग्रजी शब्दाच्या वर त्याचा मराठी पारिभाषिक शब्द लिहूनच फोड करून घेईन, म्हणजे मराठी उपसर्गांचेही काम त्यातच होईल. पेडण्याच्या दादांची टँकरची गोष्ट मी वर्गात जशीच्या तशी सांगणार आहे. नियम कोठे फसतो हे मुलांना पहिल्यापासूनच कळलेले बरे.

एक शंका उरते. माझ्या सहकारी बाईंचा स्पेलिंगचा मुद्दा येथे कोणी घेतला नाही. मुळे शिकल्याने स्पेलिंगला काही मदत होते का? आणि मला या भाषा येत नसताना एखाद्या शब्दाचे मूळ खरे की कोणी रचलेले, हे पडताळायचे कसे?

उत्तर: निवृत्त विज्ञान शिक्षक, फोंडा

स्पेलिंगला नक्की मदत होते, कारण इंग्रजी स्पेलिंग पुष्कळदा उच्चाराशी इमान न राखता मुळाशी राखते. 'फ'साठी एफ लिहायचा की पी-एच, याचे उत्तर बव्हंशी मुळात असते: फोटो, ग्राफ, फोन हे ग्रीक, म्हणून पी-एच, फेस्टिव्हल आणि फर्नेस लॅटिन, म्हणून एफ. 'स्कूल' आणि 'केमिस्ट्री' यांत सी-एचचा उच्चार 'क' होतो, तोही ग्रीक शब्द असल्यामुळे. 'साइन'मध्ये जी का लिहायचा असे मूल विचारते, तेव्हा शेजारी 'सिग्नल' लिहून दाखवा. तिथे तो ऐकू येतो. सहकारी बाईंना हे दोन शब्द दाखवून पाहा.

पडताळण्यासाठी भाषा यायला लागत नाही. शाळेच्या कपाटात इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशाची मोठी आवृत्ती असेल तर नोंदीच्या शेवटी चौकटी कंसात व्युत्पत्ती दिलेली असते. खिशात मावणाऱ्या आवृत्तीत ती नसते, म्हणून मोठीच मागवून घ्या. मोबाईलवर फिरणाऱ्या 'अमुक इंग्रजी शब्द संस्कृतातूनच आला' छापाच्या संदेशांतले काहीही शब्दकोशात सापडल्याशिवाय फळ्यावर लिहू नका. आणि कोश उघडण्याचे काम आठवड्याला एका मुलाकडे द्या. चौथीच्या मुलाला त्यातले सारे वाचता येणार नाही, पण 'एल' म्हणजे लॅटिन आणि 'जी-के' म्हणजे ग्रीक एवढी खूण त्याला लगेच सापडते. काही कोश ही नावे पूर्ण लिहितात, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या कोशाची पद्धत तेवढी पाहून ठेवा.